सोनेरी पक्षी, काचेच्या प्लेटा आणि इंदूर : ब्रांकुशीच्या फोटोंची पार्श्वभूमी

कॉन्स्टँटिन ब्रांकुशीचं काम हल्ली प्रदर्शनात मांडतात तेव्हा चकचकीत ब्राँझच्या शिल्पांबरोबर त्याने स्वतः काढलेले फोटोही लावतात. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये २०२४ च्या मार्चपासून जुलैपर्यंत जे मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात शिल्पं, रेखाटनं, फोटो आणि त्याने चित्रित केलेल्या फिल्म्स असं सगळं एकत्र होतं. अशा ठिकाणी माणूस शिल्पांपाशी रेंगाळतो आणि फोटोंवरून नुसती नजर फिरवून पुढे सरकतो. त्यात त्याची चूक नाही. फोटो लहान, राखाडी, आणि पहिल्या नजरेला चक्क फसलेले वाटतात. कुठे शिल्पाची कड हललेली, कुठे उजेडाचा पांढरा डाग एवढा मोठा की खालचा धातूच दिसत नाही, कुठे प्रिंटवर ओरखडे. गेल्या शतकातल्या एवढ्या मोठ्या शिल्पकाराला साधा स्वच्छ फोटो काढता येत नव्हता की काय, असं वाटून जातं.

माझं मत उलटं आहे. हे फोटो बघितल्याशिवाय त्याचं ब्राँझ अर्धंच बघून होतं. ते का, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागेल आणि मराठी वाचकाला वाटेत इंदूरलाही थांबावं लागेल.

ब्रांकुशी मूळचा रुमानियाचा. १८७६ साली होबित्सा नावाच्या खेड्यात जन्मला, लाकूडकाम शिकला, बुखारेस्टला कलेचं शिक्षण घेतलं आणि १९०४ मध्ये पॅरिसला पोचला. १९०७ मध्ये त्याने रोदँ या नामवंत फ्रेंच शिल्पकाराच्या हाताखाली काम केलं, पण फार थोडे दिवस. रोदँच्या पिढीत ब्राँझचं शिल्प ओतशाळेतून आलं की त्यावर रसायनांनी गडद तपकिरी किंवा हिरवट छटा चढवायची पद्धत होती. ब्राँझने जुनं आणि गंभीर दिसायचं, हा जणू नियमच होता. ब्रांकुशीने तो थर नाकारला. ब्राँझ घासून घासून आरशासारखं करायचं हे त्याने मनाशी पक्कं केलं आणि पुढची चाळीसेक वर्षं ते सोडलं नाही.

रुमानियन लोककथांमधल्या मायास्त्रा या जादूच्या पक्ष्यावर त्याने १९१० च्या आसपास काम सुरू केलं. त्यातला एक लखलखीत ब्राँझचा पक्षी एडवर्ड स्टायकन या अमेरिकन छायाचित्रकाराने विकत घेतला आणि फ्रान्समधल्या आपल्या घराच्या बागेत उंच खांबावर बसवला. उघड्यावर, उन्हात. पक्ष्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक छायाचित्रकार असावा, हे मला फार बोलकं वाटतं.

घासलेल्या धातूत असं काय असतं? दिवाळीच्या आधी चिंच लावून लख्ख केलेला पितळेचा तांब्या खिडकीपाशी ठेवून बघा. तांब्या दिसतच नाही. दिसतो तो खिडकीचा उभा पांढरा पट्टा, त्याच्या बाजूला आपलं लांबट झालेलं तोंड, खाली फरशीची वाकलेली रेघ. जरा सरकलं की सगळं बदलतं. पोटाचा गोल भाग नेमका कुठे संपतो हे डोळ्याला सांगताच येत नाही, कारण कडेला मागच्या भिंतीचा रंग येऊन मिसळतो. आता त्याच तांब्याचा मोबाइलवर फोटो काढा. उजेड पडतो तिथे पांढरा फुलोरा उठतो आणि बाकीचा तांब्या काळवंडतो. आपण म्हणतो, फोटो बिघडला. ब्रांकुशी म्हणाला असता, आत्ता कुठे तो जमला.

१९१४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या ‘२९१’ या छोट्याशा गॅलरीत ब्रांकुशीचं प्रदर्शन भरलं होतं. स्टिग्लिट्झ स्वतः त्या काळातला नामांकित छायाचित्रकार. त्याने काढलेला एका संगमरवरी शिल्पाचा फोटो ब्रांकुशीने पुढे मॅन रे या तरुण अमेरिकन कलावंताला दाखवला. प्रकाशयोजना आणि दगडाचा पोत या दृष्टीने त्या फोटोत काढायला खोट नव्हती. ब्रांकुशीने सांगितलं की फोटो सुंदर आहे, पण त्यात माझं काम नाही. ते कसं टिपायचं हे मलाच ठाऊक. मॅन रे १९२१ मध्ये पॅरिसला आला होता. तो ब्रांकुशीबरोबर जाऊन कॅमेरा आणि तिपाई घेऊन आला, चार गोष्टी शिकवल्या, आणि ब्रांकुशीने स्टुडिओच्या एका कोपऱ्यात स्वतःच्या हाताने डार्करूम बांधली. काही दिवसांनी त्याने प्रिंट दाखवले तेव्हा मॅन रे चकित झाला. फोकस सुटलेला, एक्स्पोजर कधी कमी तर कधी जास्त, ओरखडे, डाग. आपलं काम असंच दिसायला हवं, असं ब्रांकुशीचं म्हणणं होतं. पण त्या ढिगातला एक फोटो मॅन रेच्या कायम लक्षात राहिला. सोनेरी पक्ष्यावर सूर्याचे किरण पडलेत आणि त्यातून प्रकाशाचा असा झोत फुटतोय की शिल्प जणू स्फोट होऊन उडालंय. आणि हा मॅन रे काही जुन्या वळणाचा माणूस नव्हता. कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या फोटोच्या कागदावर वस्तू ठेवून चित्रं उमटवण्याचे प्रयोग तो त्याच सुमारास करत होता. तोसुद्धा इथे थबकला.

ही आठवण मॅन रेची आहे आणि ती वारंवार सांगितली जाते. त्यामुळे ब्रांकुशीने कॅमेरा हातात धरला तो मॅन रेमुळेच, असा समज होतो. तो खरा नाही. १९१७ मध्येच त्याने फोटोचा असा वापर केला होता की त्याला दुसरं नाव नसल्यामुळे आपण आज प्रयोग म्हणतो. स्टुडिओतली दोन-तीन वेगवेगळी लाकडी कामं त्याने जवळ आणून एकत्र उभी केली, त्याचा फोटो काढला, त्या जुळणीला ‘जगातलं मूल’ अशा अर्थाचं नाव दिलं, ‘फिरता समूह’ अशी पुस्ती जोडली, आणि फोटो न्यूयॉर्कचा वकील आणि संग्राहक जॉन क्विन याला पाठवला. पुढे त्याने ती जुळणी मोडली. लाकडं आपापल्या वाटेने गेली आणि ते शिल्प आज फोटोतच शिल्लक आहे. म्हणजे शिल्प आधी आणि फोटो नंतर हा क्रमच इथे उलटला. कॅमेऱ्यासमोर जेवढा वेळ वस्तू एकत्र उभ्या होत्या, तेवढंच त्या शिल्पाचं आयुष्य.

तेव्हापासून स्टुडिओ म्हणजे त्याच्यासाठी रोज नव्याने मांडायचा पट झाला. छतातून येणारा उजेड कुठल्या वेळी कुठे पोचतो हे बघून तो शिल्पं हलवायचा, मागे कापड टांगायचा, भिंतीवर पडलेल्या सावलीलाही चौकटीत जागा द्यायचा. काही फोटोंत ब्राँझचा पक्षी एक आणि भिंतीवरची त्याची सावली दुसरी, आणि दोघांचं वजन सारखंच. एखादं काम विकलं गेलं की त्याच्या जागी तो प्लॅस्टरची प्रत ठेवायचा, म्हणजे पट मोडू नये. ‘लीडा’ हे हंसासारखं ब्राँझचं शिल्प त्याने चकाकत्या धातूच्या गोल तबकडीवर ठेवलं. तबकडीखाली मोटर बसवली आणि ते फिरताना फिल्मवर टिपलं. हंसाच्या अंगावरून आख्खी खोली वाहत जाते आणि खालच्या तबकडीत तिचं दुसरं, उलटं रूप. फोटोत उजेडाचा एकच क्षण पकडता येतो, म्हणून बहुधा तो फिल्मकडे वळला असावा.

धातूच्या कामाची त्याची रीत आपल्याला बारकाईने ठाऊक आहे, आणि ती ठाऊक होण्याला कारण झाला अमेरिकेच्या कस्टम्स खात्याशी झालेला खटला. ऑक्टोबर १९२६ मध्ये मार्सेल द्युशाँ हा फ्रेंच कलावंत ब्रांकुशीची वीसेक शिल्पं घेऊन बोटीने न्यूयॉर्कला पोचला. तिथल्या ब्रमर गॅलरीत प्रदर्शन होतं. पेट्यांमध्ये ‘अवकाशातला पक्षी’ होता, साडेचार फुटांच्या आसपास उंच, मधे किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, पिवळाधम्मक. तो स्टायकनने ६०० डॉलरना आधीच विकत घेतला होता. कलाकृतीवर जकात माफ होती. पण ही कलाकृती आहे असं अधिकाऱ्यांना वाटेना, त्यांनी तिला स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं साहित्य यांच्या वर्गात टाकलं आणि ४० टक्के, म्हणजे २४० डॉलर, जकात लावली. जामिनावर माल सुटला, प्रदर्शन झालं, पण प्रकरण कोर्टात गेलं.

खटल्यासाठी ब्रांकुशीने पॅरिसमध्ये दिलेल्या जबानीत सगळी प्रक्रिया येते. आधी प्लॅस्टरचा नमुना. तो ओतशाळेत द्यायचा, बरोबर ब्राँझच्या मिश्रणाचं प्रमाणही त्याने स्वतःच ठरवून द्यायचं. ओतलेला तुकडा परत येतो तो खडबडीत. त्यात हवेची छिद्रं असतात, आतला गाभा काढल्याचं भोक असतं. ती बुजवायची. मग कानशी लावायच्या, मग अगदी बारीक एमरी. सगळं हाताने. या कामाला फार वेळ लागतो आणि ते म्हणजे सगळं शिल्प पहिल्यापासून पुन्हा घडवणंच असतं, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या कोणाला त्याने पॉलिशला हात लावू दिला नाही. मला या जबानीतला हा भाग त्याच्या कुठल्याही कलाविषयक विधानापेक्षा मोलाचा वाटतो. साडेचार फूट लांबीचा गोलवा, त्यावर कानशीचा एक घाव जरी जास्त बसला तरी प्रतिबिंब तिथे अडखळणार. आकार बरोबर आहे की नाही हे तो हाताने नव्हे, धातूवरून सरकणाऱ्या उजेडावरून तपासत असणार. अशा माणसाने तोच उजेड कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर धरायला बघितला तर त्यात नवल काय.

कोर्टात स्टायकनला विचारलं गेलं की हा पक्षी रानात दिसला असता तर तुम्ही त्यावर गोळी झाडली असती का. नाही, असं त्याने उत्तर दिलं. शिल्पकार जेकब एप्स्टाइनने ब्रांकुशीच्या बाजूने साक्ष दिली. जुन्या वळणाच्या दोन शिल्पकारांनी ही कला नव्हे असं शपथेवर सांगितलं. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची नक्कल, असं १९१६ च्या एका निकालात म्हटलं होतं आणि सरकारची भिस्त त्यावर होती. २६ नोव्हेंबर १९२८ ला निकाल लागला. पक्ष्याशी साम्य दिसत नसलं तरी वस्तू बघायला सुखद आहे, व्यावसायिक शिल्पकाराची मूळ कृती आहे, तिचा कुठलाही उपयोग नाही. आणि कलेची नवी शाळा निर्माण होते आहे हे कोर्टाला ध्यानात घ्यावं लागेल. पक्षी सुटला.

आता इंदूर.

यशवंतराव होळकर म्हटलं की आपल्यासमोर घोड्यावरचे, इंग्रजांशी लढलेले पहिले यशवंतराव येतात. हे दुसरे. १९०८ चा जन्म, १९२६ मध्ये वडील तुकोजीराव तिसरे यांनी गादी सोडल्यावर लहान वयात महाराज झाले, ऑक्सफर्डला शिकले आणि १९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार हातात आले. पत्नी संयोगिताबाई कागलच्या घाटग्यांच्या. शाहू महाराज जन्माने ज्या घराण्यातले, त्याच कागलच्या. हे तरुण जोडपं युरोपात असताना मॅन रेने त्यांचे पुष्कळ फोटो काढले. दरबारी पोझ नाही, हसणारे, एकमेकांना खेटून बसलेले दोघं. म्हणजे ब्रांकुशीला कॅमेरा घेऊन देणाऱ्या माणसाच्या कॅमेऱ्यासमोर काही वर्षांनी होळकर बसले होते. जग किती लहान होतं त्या वेळचं.

महाराजांनी इंदूरला माणिकबाग हा राजवाडा १९३० ते १९३३ या काळात बांधून घेतला. वास्तुविशारद एकार्ट मुथेसिउस, जर्मन, वयाने महाराजांच्या बरोबरीचा. आत कुठेही कमानी-मेहरपी नाहीत. लोखंडी चौकटीच्या खिडक्या, वातानुकूलन, रुलमान आणि आयलीन ग्रे यांचं फर्निचर, काच आणि धातूचे पलंग. आँरी-प्येर रोशे हा फ्रेंच लेखक महाराजांचा कलेतला सल्लागार होता आणि ब्रांकुशीचा जुना मित्र. त्याच्या मध्यस्थीने ‘अवकाशातला पक्षी’ इंदूरच्या मालकीचा झाला, आणि एक नाही, तीन. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या संगमरवराचा.

या तीन पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. त्याच्या कल्पनेबद्दल आठवणींतून जे उरलंय ते थोडं आहे पण विलक्षण आहे. आत शिरायचं ते जमिनीखालच्या वाटेने. मधे पाण्याचं कुंड, त्याच्या भोवती पक्षी. छताला एक उघडं भोक, आणि दिवसाच्या ठराविक वेळी त्यातून आलेला सूर्यकिरण ब्राँझच्या पक्ष्यावर पडावा अशी योजना. ओक लाकडात कोरलेलं त्याचं ‘राजांचा राजा’ हे उंच शिल्पही याच मंदिरासाठी मनात होतं. ते आता न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे.

मराठी माणसाला हे वाचताना कोल्हापूरचा किरणोत्सव आठवल्यावाचून राहणार नाही. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात पोचतात, आधी पायांवर, मग कंबरेपर्यंत, मग मुखावर, आणि लोक श्वास रोखून त्या काही मिनिटांची वाट बघतात. ब्रांकुशीला हे कोणी सांगितलं होतं असं मी म्हणत नाही. त्याला सांगायची गरजच नव्हती. स्टुडिओच्या कोपऱ्यात, छतातल्या उजेडाची वाट बघत, किरण पक्ष्यावर आला की झाकण उघडायचं, हेच तर तो कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं करत होता. मॅन रेला स्फोटासारखा वाटलेला तो फोटो आणि इंदूरचं मंदिर या माझ्या दृष्टीने एकाच कल्पनेच्या दोन पायऱ्या आहेत. एक कागदावर उतरली. दुसरीत माणसाला स्वतः जाऊन उभं राहता आलं असतं.

१९३७ च्या शरदात ब्रांकुशी रुमानियात त्यर्गू जिऊला होता. तिथे त्याचा ‘अनंत स्तंभ’ उभा राहत होता, २९ मीटरहून उंच, ओतीव लोखंडाच्या सारख्या आकारांची एकावर एक चढवलेली माळ. त्यावर नंतर पितळेचा थर फवारला गेला. २०२४ मध्ये युनेस्कोने तो सगळा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. स्तंभाचं काम मार्गी लावून त्याच हिवाळ्यात तो बोटीने भारतात निघाला आणि इंदूरला पोचला. वय साठीच्या पुढे. पण संयोगिताबाई १९३७ मध्येच ऐन तारुण्यात वारल्या होत्या, आणि मंदिराचं काम काही सुरू झालं नाही. काही आठवडे राहून ब्रांकुशी परत गेला. मंदिराचा दगडही लागला नाही.

या भेटीबद्दल मला मनापासून हळहळ वाटते. आधुनिक शिल्पातली एक मोठी वास्तू माळव्यात, मराठी दरबाराच्या आश्रयाने उभी राहण्याच्या अगदी बेतात होती. आपल्या शाळेच्या पुस्तकांत होळकरांची बारव आणि घाट येतात, आणि ते यायलाच हवेत, पण हे पान कुठेच नाही.

ब्रांकुशी १९५७ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये गेला. आदल्या वर्षी केलेल्या मृत्युपत्रात त्याने स्टुडिओ आतल्या सगळ्या वस्तूंसकट फ्रान्स सरकारला दिला, अट एकच, की तो जसाच्या तसा पुन्हा उभारावा. त्यात हजाराहून अधिक प्रिंट आणि शेकडो निगेटिव्ह होत्या. पुष्कळ दिवस त्यांच्याकडे कामाचे कागद म्हणून पाहिलं गेलं, कुठलं शिल्प कुठे उभं होतं ते शोधायला उपयोगी. पाँपिदूसमोर रेन्झो पियानोने १९९७ मध्ये स्टुडिओची नवी वास्तू बांधली तेव्हाही मांडणी ठरवायला आधार होता तो याच फोटोंचा. ते स्वतंत्र काम म्हणून भिंतीवर यायला त्या मानाने उशीर झाला. आता येतात, पण बऱ्याचदा शिल्पापासून दूर, मंद उजेडाच्या वेगळ्या दालनात. जुने प्रिंट उजेडाने खराब होतात हे खरं आहे, संग्रहालयाची अडचण समजते. तरी मला वाटतं, निदान एक फोटो तरी ब्राँझच्या पक्ष्याजवळ, त्याच्या सावलीच्या हद्दीत असावा. मग बघणाऱ्याला कळतं की पांढरा डाग हा बिघाड नसून पक्ष्याचं उडणं तेवढ्या जागेत आहे.

महाराज यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईत वारले. पुढे काळा आणि पांढरा असे दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने १९७३ मध्ये विकत घेतले. ते कॅनबेराला आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. माणिकबागेतल्या फर्निचरचा १९८० मध्ये मोनाकोत लिलाव झाला. राजवाडा मात्र इंदूरला जागेवर आहे. त्यात आज केंद्र सरकारच्या जीएसटी आणि कस्टम्स खात्याचं कार्यालय आहे.